सासऱ्यांच्या गाठीचं थेट प्रक्षेपण

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठे डॉक्टर ठेवतात. पुढे आत्मचरित्र लिहायची वेळ आली की डोकं खाजवत बसावं लागत नाही.
ओपीडी नेहमीचीच. गॅस, अपचन, आणि आपल्याला काय झालंय ते इंटरनेटवर वाचून मला समजावून सांगायला आलेले लोक.
दुसरा संकल्प: चहा कमी. (दुपारी घेतला. पण संकल्प संध्याकाळी केलाय, त्यामुळे तो धरत नाही.)

४ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या पोटात दुखतंय. बरेच महिने अधूनमधून कळ येते, पिळवटतं, मग थांबतं. मला आज कळलं, तेही बायकोकडून. घरात पोटाचा डॉक्टर असताना हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेत होते. तो बिचारा म्हणाला, जावयांना विचारा की. तर सासरे म्हणाले, आधी दुसरं कुणी आहे का बघू.
यांचं सगळं आयुष्य विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेलं. समोरचा सांगतोय ते खरं नसणार, असं धरून चालायचा पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम फुकट चालू ठेवलं. सासूबाई गेल्यापासून पलीकडच्या रस्त्यावर एकटे राहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एकदाही 'डॉक्टर' म्हणालेले नाहीत. कायम 'जावईबापू'. परक्यांना ओळख करून देताना म्हणतात, हे आमचे जावई, नळ्या घालतात. एका लग्नात त्यांच्या मित्राने मला गळक्या सिंकबद्दल सल्ला विचारला होता.
आता स्वतःच माझ्या टेबलावर येणार. त्यांच्या तोंडून 'डॉक्टर' काढला नाही तर नाव लावणार नाही.

७ फेब्रुवारी
सासऱ्यांची कोलोनोस्कोपी केली. गाठ! मोठ्या आतड्यात उजवीकडे. पिवळसर, गुळगुळीत, देठाला लटकलेली, चांगली लिंबाएवढी. लायपोमा. म्हणजे निव्वळ चरबी, कॅन्सरबिन्सर काही नाही. चिमट्याने दाबलं की उशीसारखा खळगा पडतो, सोडलं की पुन्हा वर. आमच्या धंद्यात याला उशीची खूण म्हणतात. इतकी सुंदर खूण बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, सर, खूण पटली असेल तर बाहेर येऊ या का.
असल्या गाठी लहान असल्या तर आम्ही हात लावत नाही. पण ही मोठी आहे, आतडं तिला पुढे ढकलू बघतं, म्हणून कळा. काढायला हवी.
माझी ज्युनिअर म्हणाली, सर, आत्ताच लूप टाकून सोडून देऊ. नायलॉनचा बारीक फास देठाला आवळायचा, हँडलपासून सुटा करायचा आणि निघून यायचं. रक्त बंद झालं की आठवडा-दहा दिवसांत गाठ आपोआप गळते आणि शौचावाटे जाते. पेशंटला पत्तासुद्धा लागत नाही, म्हणाली.
मुलीचा हात बरा आहे (माझ्याच हाताखाली शिकली), पण दृष्टी नाही. पत्ता लागत नाही म्हणजे काय? सासऱ्यांना चांगला पत्ता लागला पाहिजे!

९ फेब्रुवारी
योग आहे. १५ मार्चला आमच्या हॉस्पिटलात एंडोस्कोपीचा वर्कशॉप. खालच्या मजल्यावर ऑपरेशन, वरच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर थेट प्रक्षेपण. या विषयातले एक फार मोठे सर पाहुणे म्हणून येणार. डायरेक्टर चांगली केस शोधत होते. ते ज्युनिअरकडे वळायच्या आत मी हात वर केला.
चित्र डोळ्यांसमोर उभं आहे. तारेच्या फासात गाठ धरतो, करंट देतो, कापतो, जाळीत घालून बाहेर आणतो, कॅमेऱ्यासमोर धरतो. टाळ्या. सासऱ्यांना झोपेचं इंजेक्शन अगदी हलकं द्यायचं. टाळ्या ऐकू आल्या पाहिजेत.
ज्युनिअर म्हणाली, पण सर, महिनाभर त्यांना दुखत राहील. म्हटलं, साधी चरबीची गाठ आहे, पळून जातेय का कुठे?

१० फेब्रुवारी
सासऱ्यांना सांगितलं. लगेच क्लेम खातं उघडलं. गाठ दिसली ना? दिसली. काढता येते ना? येते. मग त्याच दिवशी का नाही काढली? म्हटलं, तयारी लागते. कुणाची? टीमची. मग टीम इतके दिवस काय करत होती?
बायकोनेही हाच प्रश्न घरी आल्यावर विचारला. तिला समजावलं की मोठ्या प्रोसिजरआधी पेशंटचं ऑप्टिमायझेशन करावं लागतं. ती म्हणाली, मराठीत सांगा. मी फोन आल्याचं दाखवून गॅलरीत गेलो.

१६ फेब्रुवारी
सराव सुरू. खरं म्हणजे गरज नाही. फास टाकणं म्हणजे सायकल चालवण्यासारखं, विसरत नाही. मागचा मोठा फास मी कधी टाकला ते मात्र आठवत नाही. अलीकडे ज्युनिअर टाकते आणि मी मागे उभा राहून मार्गदर्शन करतो.
हॉस्पिटलातून मुदत संपलेली तार आणली. बागेतल्या पाइपचा तुकडा कापला, त्यात टपोरं द्राक्ष बसवलं, पलीकडून टॉर्च. तार आत घातली, फास उघडला, आवळला. बाहेर काढून बघतो तर फासात काहीच नाही. पुन्हा. पुन्हा. पाइप फार अरुंद आहे. माणसाचं आतडं इतकं अरुंद नसतं. शिवाय द्राक्षाला देठ नव्हता, तो मीच तोडून टाकला होता.
सराव चालू ठेवायचा होता, पण बायको म्हणाली द्राक्षं संपली. मी किती खाल्ली ते लक्षात नाही.

२१ फेब्रुवारी
भाषण लिहायला घेतलं. प्रक्षेपण सुरू असताना बोलायचं असतं. नुसतं काम करून चालत नाही. सुरुवात: 'मित्रहो, चरबी ही कधीच निरुपद्रवी नसते.' वाक्य फार जमलंय. बायकोला वाचून दाखवलं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. भारावली असावी.
दुपारी सासऱ्यांचा फोन. पुन्हा कळ आली, अर्धा दिवस झोपून होते. म्हटलं, गरम पाण्याची पिशवी घ्या. म्हणाले, घेतलीय, मेडिकलवाल्यानेही हेच सांगितलं होतं. त्याची फी नाही एवढाच फरक. मला त्यांच्याकडून फी मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवं होतं.
चहा: कमीच आहे. मोजत नाही.

२७ फेब्रुवारी
निर्णय. रंगीत तालीम हवी. नाटकवाले करतात, मग आम्ही का नको? ज्युनिअर दोन दिवस रजेवर आहे, तेवढ्यात उरकून घ्यावं. तिला उगाच शंका काढायची सवय आहे.
सासऱ्यांना सांगितलं, एकदा री-लूक करू. म्हणजे पुन्हा रात्रभर ते पोट साफ करायचं औषध प्यायचं, पुन्हा फेऱ्या. ते म्हणाले, मागच्या वेळी नीट दिसलं नव्हतं का? म्हटलं, दिसलं होतं. मग? म्हटलं, आणखी नीट. त्यांनी फोनच ठेवला. होकार समजलो.

१ मार्च
तालीम उत्तम झाली.
(आत्मचरित्रासाठी तपशील: तारेचा फास बसेना. कोन वाईट होता, आतडं हलत होतं, आणि सिस्टर श्वास फार मोठ्याने घेत होत्या. म्हणून सरावापुरता नायलॉनचा लूप मागितला. तो पहिल्या झटक्यात बसला! देठाच्या बरोबर बुडाशी. आवळून पाहिला, मस्त आवळला. मग सैल करायला गेलो, तर सैल होईना. सिस्टर म्हणाल्या, सर, हा एकदा आवळला की सैल होत नाही, तसाच असतो तो. आधी सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, मला वाटलं टाकायचाच आहे.)
शेवटी हँडलपासून सुटा केला आणि लूप तिथेच ठेवला. काही बिघडत नाही. उलट त्या दिवशी कापताना रक्त येणार नाही. पंधरा तारखेला हॉलला सांगता येईल की ही खबरदारी मी आधीच घेतली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
बाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, काही केलंत का? म्हटलं, छे, नुसतं बघितलं. तालीम म्हटलं असतं तर उगाच घाबरले असते.
ज्युनिअरला सांगायचं काही कारण नाही.

५ मार्च
नवा टाय घेतला. कॅमेऱ्यात मास्क आणि गाऊन असतो हे घरी आल्यावर लक्षात आलं. तरी आत्मविश्वासासाठी टाय हवाच.
भाषण वाढलंय. चरबीचा इतिहास घातला. डायरेक्टर म्हणाले, केस अर्ध्या तासाची आहे. म्हटलं, गाठ चटकन निघेल, उरलेल्या वेळात बोलतो.

९ मार्च
आरशासमोर भाषण. मधेच सासऱ्यांचा फोन. कापला. पुन्हा वाजला. कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलून सांगितलं, बाबा, महत्त्वाच्या कामात आहे. म्हणाले, माझंही महत्त्वाचं आहे, आज सकाळी जरा... म्हटलं, शनिवारी भेटतोच आहोत, तेव्हा सगळं सांगा. म्हणाले, शनिवारपर्यंत ठेवू? म्हटलं, खुशाल ठेवा.
काय ठेवायचं होतं कोण जाणे. म्हातारी माणसं. चौथ्यांदा वाजला नाही. बरं झालं, लय सापडली होती.

१२ मार्च
बायको म्हणाली, बाबांना दोन-तीन दिवस अजिबात दुखत नाहीये, काल बाजारातून पायी आले, भूक लागतेय. म्हटलं, बघ. याला डॉक्टरवरचा विश्वास म्हणतात. अजून हातही लावला नाही आणि पेशंट अर्धा बरा.
ती म्हणाली, मग ऑपरेशन कशाला? बायकांना तर्कशास्त्र शिकवलं पाहिजे. विश्वासाने कळ थांबेल, गाठ कशी जाईल?

१४ मार्च
उद्या. केस कापले. भाषण तोंडपाठ. फक्त चरबीच्या इतिहासात मधेच अडकतो. तिथे पाणी प्यायचं. मास्क असेल, तेव्हा पाणी नको. खोकायचं.
सासरे संध्याकाळी हॉस्पिटलात दाखल झाले. हातात एक कापडी पिशवी. म्हणाले, जावईबापू, आधी हे बघा. म्हटलं, उद्या, सगळं उद्या, आज डोकं शांत ठेवायचंय. पिशवी उघडायला लागले. सिस्टरना सांगितलं पेशंटचं सामान लॉकरमध्ये ठेवा. सासरे म्हणाले, हे सामान नाही. मी त्यांचा खांदा थोपटला. पहिल्यांदाच थोपटला. खांदा कडक आहे.

१५ मार्च, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो. तांत्रिक अडचणी आल्या.
प्रक्षेपण वेळेवर सुरू. वर हॉल गच्च. डायरेक्टर, पाहुणे सर, सगळे. ज्युनिअर सूत्रसंचालनाला. सासरे कुशीवर, हलक्या गुंगीत, कॉलरला छोटा माइक. ही कल्पना माझीच, पेशंटच्या कौतुकाचे शब्दही ऐकू जावेत म्हणून.
'मित्रहो, चरबी ही कधीच निरुपद्रवी नसते.' हॉलमध्ये थोडं हसू. छान पकड. नळी उजवीकडे पोचली. गाठ नाही.
म्हटलं, एका वळणाआड असेल. वळण घेतलं. नाही. चरबीचा इतिहास सुरू केला आणि बोलत बोलत शोधत राहिलो. मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. वरून ज्युनिअरने हळूच विचारलं, सर, काही मदत? म्हटलं, मी प्रेक्षकांना आधी सामान्य आतडं दाखवतोय.
आणि मग दिसली! पिवळसर, गुबगुबीत, फुगीर. चिमट्याने दाबली. खळगा. उशीची खूण! हॉलला म्हटलं, ही पाहा. सिस्टर, तार द्या. तार उघडली, पहिल्या फटक्यात बसली. एवढा आनंद मला त्या द्राक्षाने कधी दिला नव्हता. करंटच्या पेडलवर पाय ठेवला.
तेवढ्यात स्पीकरमधून पाहुण्या सरांचा आवाज. अतिशय शांत. म्हणाले, डॉक्टर, ते लहान आतड्याचं दार आहे. सगळ्यांना असतं. ते कापू नका, पेशंटला लागतं.
पाय उचलला. तार सोडली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
त्या शांततेत माइकवरून सासरे, गुंगीत पण स्पष्ट: जावईबापू, काय शोधताय?
म्हटलं, बाबा, तुमची गाठ.
म्हणाले, ती पिशवीत आहे.
ज्युनिअर खाली धावत आली. लॉकर उघडला. पिशवीत जॅमची बरणी, बरणीत मिठाचं पाणी, पाण्यात गाठ. झाकणावर त्यांच्या अक्षरात ९ मार्चची तारीख. क्लेम खात्याचा माणूस, पुराव्याशिवाय बोलत नाही. ज्युनिअरने बरणी कॅमेऱ्यासमोर धरली. तेव्हा टाळ्या झाल्या. खूप झाल्या.
देठाला लूप तसाच होता. पाहुणे सर म्हणाले, वा, काय सुरेख बसलाय, अगदी बुडाशी! कुणी टाकला? मी काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या, सरांनीच, तालमीच्या दिवशी.
सर म्हणाले, मग आज आपण काय काढायला जमलो होतो?
प्रक्षेपण तिथे थांबवलं. आवाजाची काहीतरी गडबड होती.

१६ मार्च
शांतपणे विचार केला. मुळात काय झालं? मीच गाठ काढली. पंधरा दिवस आधी. एक थेंब रक्त न सांडता. याला अपयश म्हणायला मन धजावत नाही.
ज्युनिअर केबिनमध्ये आली. वाटलं अभिनंदन करेल. विचारलं, लूप टाकल्याचं त्यांना सांगितलं होतं का? म्हटलं, सांगणारच होतो. म्हणाली, गाठ गळताना पोटात दुखतं, कधी रक्त जातं, हे तरी? मी म्हटलं, मला ओपीडी आहे. ओपीडी नव्हती. रविवार होता.
बायको कालपासून 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतेय. त्यातही 'नाही' जास्त.

१८ मार्च
सासऱ्यांकडे गेलो. बायकोने पाठवलं. स्वतः आली नाही.
एकटेच बसले होते. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. नऊ तारखेचं सांगितलं. पहाटेपासून पोटात पिळवटत होतं. मग रक्त दिसलं, बरंच. मग ते. गोळा बघितल्यावर वाटलं, आतडंच तुटून पडलं. भिंतीला धरून बाहेर आले, खुर्चीत बसले. मुलीला फोन केला असता तर ती घाबरली असती, म्हणून घरातल्या डॉक्टरला केला. तीनदा.
मी काय करत होतो ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आरसा डोळ्यांसमोर आला. लाज वाटली. खरंच वाटली, लिहून ठेवतो. म्हटलं, बाबा, चुकलं माझं. ते म्हणाले, हं. क्लेम नाकारताना असंच म्हणत असावेत.
मग काय केलंत, विचारलं. म्हणाले, तुम्ही शनिवारपर्यंत ठेवा म्हणालात. ठेवलं. बरणी धुऊन घेतली.
चहा दिला त्यांनी. घेतला. नाही म्हणण्यासारखा प्रसंग नव्हता.
निघताना दारापर्यंत आले. चप्पल घालत होतो तेव्हा म्हणाले, डॉक्टर, पुढच्या वेळी फोन उचला.
डॉक्टर म्हणाले! स्वच्छ, ऐकू येईल असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिना उतरताना पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं. वाक्याचा उरलेला भाग तितकासा महत्त्वाचा नाही, माणूस सवयीने टोमणा मारतो. 'डॉक्टर' हा शब्द मात्र सवयीचा नव्हता. गाठीचं जे व्हायचं ते झालं, पण मूळ उद्देश सफल झाला, असं आत्मचरित्रात निःसंकोच लिहिता येईल. त्या प्रकरणाला नाव काय द्यावं हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.
फोन वाजतोय. सासऱ्यांचाच आहे. एवढा परिच्छेद पुरा करतो आणि घेतो. मनात आलेलं नाव निसटून जाईल. 'तालमीतच बाजी', किंवा नुसतं 'दूरदृष्टी'. दुसरं जास्त भारदस्त वाटतं.
थांबला वाजायचा.